बोबडे बोल आणि निजायची वेळ



आज आपण लहान मुलांच्या बोलण्याविषयी बोलू. विषय साधा वाटेल. पण मुलाची पुढची सारी शिकवण यावर उभी राहते.

मूल बोलू लागले की घरात मोठी करमणूक होते. 'काका'ला ते 'ताता' म्हणते. 'राजा'चा 'लाजा' होतो. तो काही दोष नाही. क, र, ळ म्हणायला जीभ वळावी लागते. ती हळूहळू वळते. कुणाचा 'र' चौथ्या वर्षी येतो, कुणाचा सहाव्या.

आणखी एक गंमत पाहा. मूल म्हणते, "दादा शेतात जाला." आपण खो खो हसतो. पण त्याने काय केले? बस, बसला. पड, पडला. हे त्याने रोज ऐकले. मग जा, जाला, असे मनाशीच जुळवले. 'जाला' हा शब्द त्याला कुणी शिकवला नाही. त्याने तो स्वतः घडवला. ही तर हुशारी झाली!

दिवसभर आईच्या मागे फिरणारा मुलगा म्हणतो, "मी जाते." आई बोलते तसेच तो बोलतो. "तू काय मुलगी आहेस?" म्हणून त्याला चिडवू नका.

हसू आले तर जरूर हसा. पण पाहुण्यांसमोर "पुन्हा म्हण, पुन्हा म्हण" करून त्याचा तमाशा करू नका. मूल लाजते आणि तोंड मिटते. आपण फक्त नीट बोलावे. "होय बाळा, दादा शेतात गेला." एवढे पुरे. तुम्हीही अक्षरे शिकताना अडखळलात ना? तेव्हा कुणी हसले असते तर पाटी ठेवूनच दिली असती!

ज्ञानेश्वरी १२९० साली झाली. तिच्यात माउलींनीही हाच दाखला दिला आहे. लेकरू बोबडे बोलले म्हणून मायबापांचा आनंद कमी होत नाही, उलट वाढतो.

आता निजायची वेळ. दिवसा कामाची घाई. मुलाशी बोलायला सवड नसते. रात्री मूल कुशीत येते. पण निजेल तर शपथ! "पाणी दे." "शू आली." "शेळी निजली का? चांदोबा निजला का?" आपण दमलेले असतो. मग म्हणतो, "गप नीज, बागुलबुवा येईल." नाहीतर हातात मोबाईल देतो. दोन्ही वाईट. भ्यालेले मूल डोळे मिटते, पण सुखाने झोपत नाही. आणि मोबाईल नुसता बोलतो. मुलाचे ऐकून घेत नाही.

त्यापेक्षा रोज एकच क्रम ठेवा. जेवण, हातपाय धुणे, शू, अंथरूण, मंद दिवा आणि एक गोष्ट. क्रम अंगवळणी पडला की झोप आपोआप येते. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप हवी.

गोष्ट जुनीच चालते. चिऊकाऊची शंभरदा सांगा. एखाद्या रात्री काऊचे घर विटांचे करून पाहा. पोर ताडकन उठून बसेल. "नाही, शेणाचं!" म्हणजे त्याने शब्द न् शब्द लक्षात ठेवला आहे.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. दीड वर्षाचे झाले तरी मूल एकही शब्द बोलत नाही. दोन वर्षांचे झाले तरी "आई पाणी" असे दोन शब्द जोडत नाही. मागून हाक मारली तर वळून बघत नाही. असे असेल तर त्याचे कान तपासून घ्या. "बापही उशिरा बोलला होता," म्हणून थांबू नका. ऐकूच आले नाही तर बोलणार कसे? लवकर कळले तर उपाय करता येतो. कानाचे यंत्र मिळते, बोलायला शिकवता येते. वर्षे वाया गेली की काम अवघड होते.

सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत येऊन मुलांना फुकट तपासते. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना विचारा. लाजू नका.

तर मंडळी, आज रात्री मुलाजवळ घटकाभर पडा. एक गोष्ट सांगा. मग त्यालाही एक सांगू द्या. ती बोबडी असेल. मध्येच तुटेल. तरी शेवटपर्यंत ऐका.