उतारवयातील बळ

प्रो. माणिकरावांच्या आखाड्याने नावारूपास आलेल्या या बडोद्यातही, जोर-बैठका हा तरुणपणीचा छंद असून पन्नाशीनंतर सकाळचा फेरफटका पुरे, अशी समजूत आढळते. फेरफटका हृदयास हितकारक खराच. परंतु पाटावरून उठताना भिंतीचा आधार लागू लागला, तर त्यावर तो पुरेसा इलाज नव्हे. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतात, आणि ही झीज रोखावयाची तर त्यांच्यावर भार पडावा लागतो.

१९९० साली बोस्टनच्या डॉ. मारिया फियाटारोन व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वृद्धाश्रमातील नव्वदीच्या घरातल्या दहा जणांकडून त्यांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलविले. नऊ जणांनी क्रम पुरा केला. त्यांचे बळ सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढले. दोघांनी तर काठी सोडली!

मग साठीच्या गृहस्थाने (आणि गृहिणीनेही, पाटा-वरवंटा सुटल्यापासून तिच्या दंडांनाही काम उरलेले नाही) आरंभ कसा करावा? खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे. ते अंगवळणी पडले की हातांत पाण्याने भरलेले तांबे घ्यावेत. आठवड्यातून निदान दोन दिवस हा क्रम ठेवावा. श्वास कोंडू नये. हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी खुर्ची जरा उंच घ्यावी.