पॅड बांधून बसलेला मुलगा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



साठ वर्षांच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने अशा प्रसंगी शाळेचा इतिहास सांगावा, अशी अपेक्षा असते. तो इतिहास या अंकात इतरांनी माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिला आहे. मी आज क्रिकेटविषयी बोलणार आहे. मराठी आणि संस्कृत शिकवणाऱ्या बाईंचा क्रिकेटशी काय संबंध, असे काहींच्या मनात येईल. पण मला ज्या प्रश्नाने गेली तीस वर्षे सोडलेले नाही, त्याचे उत्तर मला व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा आपल्याच शहरातील एका मैदानावर अधिक स्पष्ट दिसले. तो प्रश्न असा : स्वतःला एखादी गोष्ट येणे आणि ती दुसऱ्याला येईल असे करणे, यांत अंतर किती?

एप्रिल १९९९. चिन्नस्वामी स्टेडियमवर रणजी करंडकाचा अंतिम सामना कर्नाटक आणि मध्य प्रदेश यांच्यात झाला. मध्य प्रदेशाचे कर्णधार होते मुंबईत जन्मलेले आणि वाढलेले यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित. पहिल्या डावात मध्य प्रदेशाने ७५ धावांची आघाडी घेतली. सामना अनिर्णित राहिला असता तरी त्या आघाडीच्या बळावर करंडक त्यांचाच होता. पण शेवटच्या दिवशी विजय भारद्वाज यांच्या फिरकीने २४ धावांत ६ गडी टिपले, मध्य प्रदेशाचा डाव १५० धावांत आटोपला आणि कर्नाटक ९६ धावांनी जिंकले. आपण बंगळूरकर त्या दिवशी आनंदात होतो. हरलेल्या कर्णधाराकडे पाहण्याचे आपल्याला कारण नव्हते.

पुढे हे कर्णधार प्रशिक्षक झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने तीनदा रणजी करंडक जिंकला. त्यानंतर ते विदर्भाकडे गेले. ज्या विदर्भाने तोवर हा करंडक कधीच जिंकला नव्हता, त्या संघाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा लागोपाठ दोन वर्षे तो जिंकला. मग ते मध्य प्रदेशात परतले. जून २०२२ मध्ये, तेवीस वर्षांनी, त्याच चिन्नस्वामी मैदानावर मध्य प्रदेशाचा संघ पुन्हा अंतिम सामना खेळत होता आणि समोर होती ४१ वेळा विजेती ठरलेली मुंबई. मुंबईच्या ३७४ धावांना मध्य प्रदेशाने ५३६ धावांनी उत्तर दिले, यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांनी शतके झळकावली आणि सामना सहा गडी राखून जिंकला. मैदानावर धावत आलेल्या साठीच्या उंबरठ्यावरील पंडितांचे डोळे भरून आले होते. मुलांनी त्यांना खांद्यावर घेतले.

ही गोष्ट वर्तमानपत्रांनी पराभवाची परतफेड म्हणून सांगितली. ती तशी आहेही. पण मला त्या दिवशी दुसऱ्या तंबूतही डोकावावेसे वाटते. तिथे मुंबईचे प्रशिक्षक म्हणून अमोल मुजुमदार बसले होते.

फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमाच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या संपूर्ण भागीदारीत पुढचा फलंदाज पॅड बांधून बाहेर बसला होता आणि त्याची पाळी आलीच नाही. तो मुलगा म्हणजे अमोल मुजुमदार. पुढे रणजी पदार्पणातच त्यांनी २६० धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये अकरा हजारांहून अधिक धावा आणि तीस शतके त्यांच्या नावावर जमा झाली. पण भारतीय संघात त्यांची निवड झाली नाही, एकदाही नाही. आणि जून २०२२ मध्ये बंगळूरात प्रशिक्षक म्हणूनही ते हरले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांच्याकडे भारतीय महिला संघाची जबाबदारी आली. २०२५ च्या विश्वचषकात आपल्या मुलींनी साखळीतील तीन सामने ओळीने गमावले, तेव्हा बोल लावणारे कमी नव्हते. त्यानंतर नवी मुंबईत उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करून त्या जिंकल्या आणि २ नोव्हेंबर रोजी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून त्यांनी भारताला महिलांचा पहिला विश्वचषक मिळवून दिला. कर्णधार हरमनप्रीत कौर वाकून प्रशिक्षकांच्या पाया पडली. ज्याच्या अंगावर भारताची जर्सी खेळाडू म्हणून कधी चढली नाही, त्याच्यासमोर भारताची कर्णधार वाकली होती.

पंडित आणि मुजुमदार हे दोघेही रमाकांत आचरेकर सरांचे विद्यार्थी, हा योगायोग मी मानत नाही. सर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. खेळाडू म्हणून त्यांचे नाव कोणाला आठवले नसते. शिवाजी पार्कवर त्यांनी जे केले त्यासाठी १९९० मध्ये द्रोणाचार्य आणि २०१० मध्ये पद्मश्री त्यांच्याकडे चालत आली.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडून त्यांच्या फुटबॉलमधील क्वार्टरबॅक या खेळाडूविषयी मी ऐकले. आपला यष्टिरक्षक जसे सारे मैदान समोर ठेवून उभा असतो, तसा हा खेळाडू प्रत्येक डावाची आखणी डोक्यात घेऊन उभा असतो. डग पीडरसन नावाचे एक क्वार्टरबॅक कारकिर्दीचा बराच काळ राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसले. निवृत्तीनंतर त्यांनी आधी एका शाळेच्या संघाला शिकवले. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांच्या फिलाडेल्फियाच्या संघाने तिकडची सर्वोच्च स्पर्धा जिंकली, तीही मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी असताना, निक फोल्स या राखीव खेळाडूच्या हातून. बाकावर बसलेल्या माणसाला बाकावर बसलेल्याची किंमत कळली होती, असे मला वाटते. पंडितांनाही किरण मोरे यांच्यासारखा यष्टिरक्षक संघात असल्यामुळे पाचच कसोटी सामने मिळाले होते.

परंतु यावरून ‘अपयशी खेळाडू चांगला प्रशिक्षक होतो’ असा सोपा निष्कर्ष काढू नये. आपल्याच शहराचे राहुल द्रविड तो खोडून काढतात. मराठी घरातला, इंदूरला जन्मलेला आणि बंगळूरच्या मैदानांवर केकी तारापोर यांच्या नजरेखाली तयार झालेला हा मुलगा कसोटीत १३,२८८ धावा करून थांबला. त्याच्यासाठी शिकवणे अधिक अवघड असायला हवे होते. कारण ज्याला सहज येते, त्याला दुसऱ्याला का येत नाही हे दिसत नाही.

द्रविडांनी हे कसे साधले? २०१५ पासून ते भारत ‘अ’ आणि एकोणीस वर्षांखालील संघांचे प्रशिक्षक झाले. ‘अ’ संघाच्या दौऱ्यावर निघतानाच ते मुलांना सांगत, की माझ्याबरोबर आलेला कोणीही सामना न खेळता परतणार नाही. निवड होऊनही बाहेर बसून परत येण्याचे दुःख त्यांनी तरुणपणी पाहिले होते. एकोणीस वर्षांखालील विश्वचषक एका मुलाने एकदाच खेळावा, असा आग्रह त्यांनी धरला आणि क्रिकेट मंडळाने तो नियम केला. जिंकण्यासाठी अनुभवी मुले पुन्हा नेणे सोयीचे होते, पण त्यामुळे दुसऱ्या कोणाची पाळी गेली असती. २०१८ मध्ये तो विश्वचषक जिंकल्यावर मंडळाने त्यांना पन्नास लाख आणि सहकाऱ्यांना वीस लाख जाहीर केले, तेव्हा त्यांनी ही तफावत मान्य केली नाही. शेवटी सर्वांना सारखे पंचवीस लाख मिळाले, म्हणजे त्यांचे स्वतःचे निम्मे झाले. २००७ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये कर्णधार म्हणून पहिल्याच फेरीत बाद होऊन ते परतले होते. त्याच वेस्ट इंडीजमध्ये, बार्बाडोसला, २९ जून २०२४ रोजी त्यांच्या मार्गदर्शनाखालील संघ विश्वविजेता झाला.

आता थोडे माझ्याविषयी. मी नोकरीला लागले तेव्हा मराठीत उत्तम गुणांनी एम.ए. झालेली, म्हणून मला माझ्या विषयाचा अभिमान होता. वर्गातल्या एका मुलीला लिंग कधीच जमत नसे. ‘ती पंखा’, ‘तो खुर्ची’ असे ती लिहायची आणि मी लाल शाईने रेघा मारायची. एकदा मी तिला सर्वांसमोर रागावले. तिने खाली मान घालून विचारले, “बाई, खुर्ची ‘ती’ आहे हे तुम्हांला कसं कळलं?”

मला उत्तर देता आले नाही. मला ते कधी ‘कळलेच’ नव्हते, ते कानातून आले होते. तिच्या घरात मराठीइतकीच कन्नड बोलली जात होती, आणि कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. तिची चूक अज्ञानाची नव्हती, ती दुसऱ्या भाषेच्या शिस्तीने चालत होती. त्या रात्री मी कन्नडचे व्याकरण उघडले. माझी मातृभाषा मला प्रथमच बाहेरून पाहावी लागली. त्या दिवसापर्यंत मी मराठी खेळत होते, शिकवत नव्हते. रागावल्याबद्दल मी त्या मुलीची क्षमा मागितली नाही, याची खंत मला आजही आहे.

पालकहो, म्हणून तुम्हांला एक सांगते. पंडित सरांची शिस्त अतिशय कठोर म्हणून ओळखली जाते आणि तिच्यावर टीकाही झाली आहे. द्रविडांची रीत निराळी, मुजुमदारांची आणखी निराळी. तेव्हा कडक की मऊ, हा खरा प्रश्न नव्हे. समोरच्या मुलाला नेमके कुठे अडते आहे हे शिकवणाऱ्याने शोधले आहे का, हा खरा प्रश्न आहे. शाळेकडून तुम्ही निकालाची टक्केवारी मागता, तसे हेही मागा. आणि तुमचे मूल संघात निवडले गेले नाही, तर घरी आल्यावर ‘का नाही घेतलं?’ एवढाच प्रश्न विचारू नका. ‘बाहेर बसून काय पाहिलंस?’ हेही विचारा.

माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्याशी मी अधिक स्पष्ट बोलते. बंगळूरात मराठी माध्यमाची शाळा चालवणे म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. आमच्याकडे येणारे प्रत्येक मूल घरच्यांनी विचार करून, नातेवाइकांचे चार शब्द ऐकून इथे घातलेले असते. त्या विश्वासाला उतरायचे तर वर्गातले शिक्षक पुरेसे नाहीत. या महोत्सवात तुम्ही इमारतीसाठी देणग्या दिल्यात, त्याबद्दल संस्था ऋणी आहे. मी आणखी मागते. महिन्यातून एका शनिवारचे दोन तास द्या. कोणी खो-खो शिकवा, कोणी तबला, कोणी गणित, कोणी संगणक, कोणी नुसते मुलांना नीट वाचून दाखवा. तुम्ही त्यात अव्वल होता की नव्हता, हे मी विचारणार नाही. तुमच्यापैकी काहींना शाळेच्या संघात कधीच जागा मिळाली नव्हती, हे मला ठाऊक आहे, त्या याद्या आम्हीच केल्या होत्या. तुम्ही तर जरूर या.

यातून विश्वचषक मिळेल असे आश्वासन मी देत नाही. बहुतेक शिकवणाऱ्यांना कोणी खांद्यावर घेत नाही. पण पुढच्या शनिवारी सकाळी आठ वाजता आमच्या मैदानाच्या कडेला एखादा मुलगा पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला असेल. त्याच्या शेजारी जाऊन बसायला आपल्यातले कोणीतरी हवे आहे. नावे नोंदवण्याची वही कार्यालयात ठेवली आहे.