कॉम्प्युटर नवा घ्यायचा की जुनाच सुधारायचा?

आमचा गट पापड-मसाल्याचा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण गेली दोन वर्षं आम्ही कार्यक्रमांचे व्हिडिओही करून देतो. बारसं, डोहाळजेवण, शाळेचं गॅदरिंग. शूटिंग मोबाइलवर आणि एडिटिंग गटाच्या जुन्या कॉम्प्युटरवर. एका पतसंस्थेनं नवे कॉम्प्युटर घेतले तेव्हा हा आम्हाला स्वस्तात मिळाला. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. पत्रं टाइप करायला, हिशेब ठेवायला उत्तम. व्हिडिओ म्हटलं की मान टाकायचा.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका लग्नाचा व्हिडिओ आठ दिवसांत देतो म्हणून कबूल केलं आणि दिला बावीस दिवसांनी. एक क्लिप कापायची तर माऊसचा बाण गोल फिरत बसायचा, मध्येच मशीन बंद पडायचं. मुलीकडच्यांनी अर्धेच पैसे दिले. त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही.

मग मासिक बैठकीत विषय निघाला. साताऱ्याच्या एका दुकानातून नव्या मशीनचं कोटेशन आणलं होतं, ५२ हजारांचं. गटाच्या खात्यात होते ६१ हजार. त्याच बैठकीत आमच्यातल्या एकीचा १५ हजारांच्या कर्जाचा अर्ज होता, मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी. मशीन घेतलं तर तिला मायक्रोफायनान्सवाल्यांच्या दारात उभं राहावं लागणार होतं. दोन तास वाद झाला. काही जणी म्हणाल्या, व्हिडिओचा नाद सोडा, आपले पापड बरे. एडिटिंग करणारी तर रडकुंडीलाच आली. शेवटी ठरलं की फीचं कर्ज आधी, आणि कॉम्प्युटरसाठी १० हजारांच्या वर एक रुपया नाही.

आता १० हजारांत काय घ्यायचं? ज्याला विचारावं तो सांगे, ग्राफिक्स कार्ड टाका. चांगलं कार्ड एकट्यानंच १० हजारांच्या पुढे जातं. आणि त्याचा उपयोग तुम्ही कोणतं सॉफ्टवेअर वापरता त्यावर असतो. डाविंची रिझॉल्व्ह वापरत असाल तर कार्ड हवंच, त्याचं बरंचसं काम कार्डावर चालतं. आम्ही वापरतो शॉटकट. ते फुकट आहे, आणि त्यात बहुतेक काम प्रोसेसरच करतो.

म्हणून आम्ही आधी मशीन नेमकं कुठे अडतंय ते बघितलं. हे तुम्हीही घरी करू शकता. एडिटिंग चालू ठेवायचं आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायची. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सवर गेलं की प्रोसेसर, मेमरी, डिस्क किती वापरात आहे ते दिसतं. आमच्याकडे तिन्ही शंभराच्या आसपास! म्हणजे सगळंच बदला? तसं नाही. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा. ओटा हातभर असला की प्रत्येक डबा माळ्यावर ठेवायचा, पुन्हा काढायचा. ४ जीबीत मावत नव्हतं ते मशीन सारखं डिस्कवर ठेवत होतं, म्हणून डिस्कही दमत होती.

प्रोसेसरचं कारण वेगळंच निघालं, आणि ते दूर करायला एक पैसाही लागला नाही. नवे मोबाइल व्हिडिओ एचईव्हीसी नावाच्या प्रकारात साठवतात. जागा कमी लागते, पण उलगडायला जड. चौथ्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी वेगळी सोय नाही, सगळा भार त्याच्याच डोक्यावर. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचईव्हीसी किंवा ‘हाय एफिशियन्सी’ असं लिहिलेलं असतं, ते आम्ही बंद केलं. फोर-के सोडून १०८० वर आलो. लोक बघणार मोबाइलवरच ना! शिवाय शॉटकटमध्ये प्रॉक्सीची सोय आहे. ती मोठ्या फाइलची छोटी नक्कल करते, कापाकापी नकलेवर होते आणि शेवटचा व्हिडिओ मूळ फाइलवरून निघतो. एवढ्यानंच निम्मा त्रास गेला. आधी हे कळलं असतं तर लग्नाचे पैसे पूर्ण मिळाले असते, असं अजून वाटतं.

मग खरेदी. इथे आम्ही एक नियम केला. पुढच्या मशीनलाही उपयोगी पडेल ती वस्तू नवी, बिल आणि वॉरंटीसह घ्यायची. याच मशीनबरोबर संपणारी वस्तू जुनी चालेल. एसएसडी आणि एसएमपीएस पुढच्या मशीनला लागतील, त्या नव्या घेतल्या. रॅम डीडीआर-थ्री, ती नव्या मशीनला बसतच नाही. ती जुनी घेतली.

रॅममध्ये आम्ही फसलो, तेही सांगते. पहिल्यांदा दुकानदारानं दिली ती घेऊन आलो. अर्ध्या तिकिटाच्या एसटीनं गेलो, तरी दिवस मोडलाच. घरी कॅबिनेट उघडून बसवायला गेलो तर बसेना. ती डीडीआर-फोर होती. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावाल तर बोर्ड तुटेल. आमच्यातली एक जोर लावायला निघालीच होती! जुन्या पट्टीवरचं लेबल वाचून गेलो असतो तर हे टळलं असतं. दुकानदार पैसे परत देईना, बदली माल घ्या म्हणाला. त्या पैशांत ४५० वॅटची एसएमपीएस घेतली, ती लागणारच होती. मशीन मध्येच बंद पडायचं ते जुन्या, धुळीनं भरलेल्या एसएमपीएसमुळे. नवी बसवल्यापासून एकदाही बंद पडलेलं नाही. रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या एकीच्या भावानं मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून आणल्या, दुकानातच लावून बघून. आमच्या बोर्डाला दोनच खाचा आणि १६ जीबीची मर्यादा, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

हिशेब सांगते. एसएसडी ३,३००, रॅम १,९००, एसएमपीएस २,१००, प्रोसेसरची पेस्ट आणि साफसफाई २००. वीज जाते म्हणून यूपीएसची बॅटरी १,१००. एकूण ८,६००. विंडोज, शॉटकट आणि चालू काम एसएसडीवर, झालेले व्हिडिओ जुन्या हार्ड डिस्कवर.

एक उणीव राहिली आहे. या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून या मशीनला आम्ही इंटरनेट जोडत नाही. फाइली पेनड्राइव्हनं न्यायच्या, आणि गटाचं बँकेचं काम त्यावर मुळीच करायचं नाही. पुढे बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकदमच बदलावी लागेल. त्यासाठी व्हिडिओच्या कमाईतून महिन्याला ५०० रुपये बाजूला टाकतो. पापडातून नाही, यावर आमच्या मावशी ठाम आहेत.

फीचं कर्ज घेतलेलीचे हप्ते वेळेवर येतात. यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा व्हिडिओ आम्ही चौथ्या दिवशी दिला. २० मिनिटांचा व्हिडिओ बाहेर पडायला अजूनही पाऊण तास लागतो. तो लावायचा आणि भाकऱ्या थापायला जायचं.

तुमच्या गटाकडे असा जुना कॉम्प्युटर असेल तर तो उघडायच्या आधी टास्क मॅनेजरच्या पडद्याचा फोटो काढा. गुरुवारी दुपारी आम्ही समाजमंदिरात असतो, फोटो घेऊन या. रॅमची जुनी पट्टीही बरोबर आणा.