सरावाची आग आणि छायाचित्रकार



उमरखेड तालुक्यातील या कापूसपट्ट्यात आगीच्या छायाचित्रणाचा विषय अध्यक्षपदावरून मांडला जाणे काहींना चमत्कारिक वाटेल; परंतु मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावरील आग कापसाच्या गाठींतच धुमसू लागली, त्याच जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि ती आग विझवताना झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, म्हणून तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. दाबून बांधलेल्या गाठीवर कितीही पाणी मारले तरी आतला विस्तव तग धरतो आणि गाठ फोडल्याखेरीज तो विझत नाही. ज्वाळा थोड्या आणि धूर फार, अशी ही आग असते. छायाचित्रकाराला मात्र ज्वाळाच हव्या असतात, आणि गफलत तिथेच होते.

ती गफलत सुधारण्याची जागा म्हणजे प्रत्यक्ष अग्निसराव. अग्निसराव म्हणजे प्रशिक्षणासाठी मुद्दाम पेटवलेली, ठरावीक मर्यादेत राखलेली खरी आग. अमेरिकेत कोलोरॅडोतील बोल्डर येथे १९८२ साली अशाच सरावात दोन जवान दगावले आणि त्यानंतर १९८६ साली तेथे या सरावांसाठी स्वतंत्र मानक आले. जळत्या इमारतीत ‘अडकलेला माणूस’ म्हणून जिवंत व्यक्ती ठेवू नये, पाण्याने भरलेली दुसरी नळी सज्ज असावी आणि सुरक्षा अधिकारी नेमलेला असावा, हे त्यातील दंडक होत. जिवंत माणूस आत नको, हा नियम कॅमेरा घेऊन आत शिरू पाहणाऱ्यालाही लागू समजावा. त्याची जागा वाऱ्याच्या वरच्या अंगाला, सुरक्षा अधिकारी दाखवील तिथेच.

तांत्रिक अडचणींपैकी पहिली प्रकाशमापनाची आहे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी करड्या छटेचे धरून चालतो, त्यामुळे पांढरा धूर मळकट उतरतो, आणि चौकटीत ज्वाळा मोठी असली की तिच्यापुढचा जवान नुसती काळी आकृती होऊन बसतो. फ्लॅश वापरावा तर गणवेशावरील परावर्तक पट्ट्या, म्हणजे आलेला प्रकाश उगमाकडेच परत धाडणाऱ्या पट्ट्या, झगझगतात आणि धुराचे कण पांढरा पडदा उभा करतात. म्हणून फ्लॅश बंद ठेवावा, ज्वाळेतला तपशील टिकेल इतकाच प्रकाश घ्यावा आणि सावल्या नंतर उजळाव्यात. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे १,७०० पट वाढते, तेव्हा दारातून बाहेर येणारा लोट भिंगावर बसणारच. बहुतेक कॅमेरे ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या वापरासाठी घडवलेले असतात. यवतमाळच्या मे महिन्यात ती मर्यादा काडी न ओढताही ओलांडली जाते.

तथापि खरा प्रश्न कशावर रोखून पाहावे हा आहे. नोझल धरणारा गुडघ्यावर बसला आहे की उभा, कारण खोलीतील उष्णता छताखाली साठते आणि उभ्या माणसाचे डोके तीत जाते. त्याच्या मागचा जवान नळीचा भार पेलतो आहे की नुसताच हात लावून आहे. मान झाकणारी संरक्षक टोपी जाकिटात नीट खोचली आहे का. या गोष्टी प्रशिक्षकाला सरावाच्या गडबडीत दिसत नाहीत आणि छायाचित्रात दिसतात. ज्वाळेचे छायाचित्र वर्तमानपत्राच्या कामाचे, गुडघ्याचे छायाचित्र दलाच्या कामाचे, आणि दुसऱ्याचे मोल अधिक, असे या पीठाचे स्पष्ट मत आहे. नवशिक्या जवानाची चूक टिपलेले छायाचित्र मात्र प्रशिक्षणवर्गातच राहावे. ते गावभर फिरवणे हा त्या जवानावर अन्याय होय.

जिनिंग कारखान्यांच्या आणि पैनगंगा अभयारण्याच्या या परिसरातील छायाचित्रकारांना विनंती आहे की, पुढील सरावाच्या वेळी अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी, वेळेची नोंद असलेली सर्व छायाचित्रे, निवड न करता, आधी प्रशिक्षकाच्या हाती द्यावीत, आणि जे छापायला जाईल त्याखाली ‘सराव’ हा शब्द ठळकपणे लिहावा.