वसईचे संत गोन्सालो गार्सिया
(वलगाव येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीच्या व्यासपीठावरून एका ख्रिस्ती सत्पुरुषाचे चरित्र आम्ही का सांगावे, अशी शंका काही मंडळींस येणे साहजिक आहे. याच वलगावनजीक, पेढीच्या परिसरात, श्रीगाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवला. त्यांनी माणसाची जात कधी पुसली नाही. एवढेच आमचे उत्तर आहे.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारे १५५६ साली वसई येथे झाला. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तिच्याही सुमारे एकशेऐंशी वर्षे आधीची ही गोष्ट होय. पिता पोर्तुगीज शिपाई, माता वसईकडची. जेझुइट पाद्र्यांपाशी त्यांचे शिक्षण झाले व पुढे ऐन किशोरवयात त्यांच्याबरोबरच ते जपानात गेले. तेथील भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली आणि कित्येक वर्षे धर्मकार्यात साहाय्य केले. त्या संघात प्रवेश मिळावा अशी त्यांची फार इच्छा होती. परंतु तो मिळाला नाही. तेव्हा त्यांनी व्यापार केला, त्यात यशही मिळविले. पण मन रमेना. अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांस आपल्यात घेतले. पुरोहित म्हणून नव्हे, तर मठातील साधे सेवाव्रती बंधू म्हणून.

१५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासमवेत दुभाषी या नात्याने ते पुन्हा जपानात आले. तेथील सत्ताधीश हिदेयोशी यांच्याशी बोलणी त्यांच्याच मुखाने झाली. क्योतो नगरीत या बंधूंनी महारोग्यांची शुश्रूषा आरंभिली. पुढे १५९६ साली ‘सान फेलिपे’ नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून निकामी झाले. धर्माच्या आडून परकी सत्ता येत आहे, हा संशय त्यामुळे बळावला व धरपकड झाली. सव्वीस जणांस देहदंड फर्मावण्यात आला. त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून, कडाक्याच्या थंडीत त्यांस नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्यांस क्रुसावर चढवून भाल्यांनी मारले. त्यांत तीन जेझुइटही होते. ज्यांच्या संघात गोन्सालोंना स्थान मिळाले नव्हते, त्यांच्याच पंक्तीस त्यांचा क्रूस उभा राहिला. ८ जून १८६२ रोजी रोमच्या धर्मपीठाने त्यांस संतपद दिले.

आता थोडे आमच्याविषयी. काही वर्षांपूर्वी आपल्या शिष्यवृत्ती समितीवर असता एका हुशार मुलाचा अर्ज आम्ही नामंजूर केला. त्याची माता परज्ञातीची, आणि नियम स्पष्ट होता. तो आमच्याच वर्गातला विद्यार्थी. कागद परत घेताना तो वाकून पाया पडला. पुन्हा मात्र आमच्या दारी आला नाही. नियम पाळला म्हणून त्या दिवशी आम्हांस समाधान वाटले होते, हे आज सांगताना लाज वाटते.

तोच नियम आज सभेपुढे फेरविचारासाठी आहे. तो रद्द व्हावा, अशी आमची हात जोडून विनंती आहे. त्या मुलाचे गेलेले वर्ष आम्ही परत देऊ शकत नाही. परंतु यापुढे येणाऱ्या मुलांस तरी रिकाम्या हाताने परत पाठवू नये.