न्हाव्याची खुर्ची
(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)

दोस्तहो,

मी मॅट्रिक शिकलेला, गोदीत पोती वाहणारा माणूस. अमेरिकेतल्या कॉलेजच्या फुटबॉलशी माझा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. पण आज ज्या गड्याबद्दल बोलणार आहे, त्याच्या आयुष्यात न्हाव्याची एक खुर्ची आहे. ती खुर्ची आपल्या चांगली ओळखीची आहे.

गड्याचं नाव विल्यम हेन्री लुईस. जन्म १८६८, व्हर्जिनिया. गुलामी कायद्यानं संपून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. आई-बाप गुलामीतून सुटलेले. पोरगा शिकत शिकत मॅसॅच्युसेट्सच्या अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात पोचला आणि १८९१ साली तिथल्या फुटबॉल टीमचा कर्णधार झाला. १८९२ ला पदवी घेऊन हार्वर्डला वकिली शिकायला गेला. त्या काळी कायद्याच्या विद्यार्थ्यालाही कॉलेजच्या टीममधून खेळता यायचं.

त्यांचा फुटबॉल आपल्यासारखा नाही. चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरच्यानं अंगावर येऊन आडवं पाडायचं. लुईस ‘सेंटर’ खेळायचा. म्हणजे रांगेच्या मधोमध. डाव सुरू करताना चेंडू मागं देणारा तोच आणि समोरची धडक आधी खाणाराही तोच. त्या जागेला अंगानं दांडगा माणूस लागतो. लुईसचं वजन सुमारे १७५ पौंड, ऐंशी किलोच्या आत. तो डोक्यानं खेळायचा. १८९२ आणि १८९३, दोन्ही वर्षी देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या निवडक संघात त्याचं नाव आलं. हा मान मिळालेला तो पहिला काळा खेळाडू.

आता खुर्चीकडं येतो. साल तेच, १८९३. हार्वर्डजवळच्या गोऱ्या न्हाव्यानं लुईसची दाढी करायला नकार दिला. शनिवारी ज्याच्यासाठी टाळ्या वाजायच्या, त्याच्या गालाला सोमवारी वस्तरा लागत नव्हता!

माझ्या आज्याच्या डोक्याला गावच्या न्हाव्यानं कधी हात लावला नाही. आजा नि बाप एकमेकांचे केस कापायचे. त्यांना वाटायचं, हे असंच असतं. लुईसला तसं वाटलं नाही. तो गप घरी गेला नाही, की दुसरा न्हावी शोधत बसला नाही. त्यानं थेट राज्याच्या विधिमंडळाचं दार ठोठावलं. सार्वजनिक जागी रंगावरून भेद करू नये असा कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये आधीपासून होता. १८९३ सालीच त्यात न्हाव्याची दुकानंही आली.

पुढं तो वकील झाला आणि १८९५ पासून १९०६ पर्यंत हार्वर्डच्या टीमला शिकवत राहिला. गोऱ्यांच्या पोरांना काळा माणूस रांग लावायला शिकवत होता. पण सहायक म्हणूनच. मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची त्याला मिळाली नाही. १८९६ साली त्यानं खेळाचं पुस्तकही लिहिलं.

१९११ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्टनं त्याला देशाचा सहायक अ‍ॅटर्नी जनरल नेमलं. त्याआधी कुठल्या काळ्या माणसाला ते पद मिळालं नव्हतं. आणि इतक्या मोठ्या वकिलाला १९१२ साली अमेरिकन बार असोसिएशन हाकलायला निघाली. कारण एकच, कातडी. लुईसनं राजीनामा दिला नाही. त्याचं नाव राहिलं, पण पुढच्यांसाठी अर्जात वंश लिहायची अट आली. ती आडकाठी निघायला १९४३ उजाडलं.

आता कडू गोष्टही सांगतो. मोठी पदं त्याला बुकर टी. वॉशिंग्टनच्या गोटात गेल्यावर मिळाली. ज्यांच्याबरोबर तो आधी लढला, त्यांना हे रुचलं नाही. १९१३ मध्ये विल्सनचं सरकार आलं आणि पद गेलं. मेहेरबानीनं आलेलं मेहेरबानीबरोबर गेलं. १९४९ साली तो वारला. कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं ते २००९ साली. मरून साठ वर्षं झाल्यावर!

दोस्तहो, टाळी वाजते आणि विरते. साहेबानं दिलेली खुर्ची साहेब काढून घेतो. पण न्हाव्याच्या खुर्चीसाठी तो भांडला आणि ते कायद्यात लिहिलं गेलं. ती खुर्ची त्याच्या एकट्याची राहिली नाही, मागून येणाऱ्या सगळ्यांची झाली.

आपल्यातला कुणी उद्या मैदान मारेल, कुणी कवितेला टाळ्या घेईल. खुशाल घ्या. पण दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या पोराला न्हाव्याच्या खुर्चीत बसता येतं का, ते बघायला जा. येत नसेल, तर सामना अजून संपलेला नाही.