घरातली करमणूक आणि घरचा जमाखर्च

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात दरवर्षी वर्धापनदिनाला कोणी शिकलेल्या बाई येऊन व्याख्यान देतात. यंदा चिटणीसबाईंनी ठरवले की, आपल्यातल्याच एखादीने घरच्या अनुभवावर बोलावे, आणि नेमके माझेच नाव पुढे केले. मी सातवीपर्यंत शिकलेली. चारचौघींत उभे राहून बोलायचे म्हणजे माझ्या अंगाला कापरे भरते. पंधरा दिवस मी ‘नको नको’ म्हणत होते. शेवटी सासूबाईंची आठवण झाली आणि ‘हो’ म्हटले. ते का, हे पुढे कळेलच.

विषय आहे मोबाइलवरची गाणी आणि वर्गणी भरून घरी पाहायचे सिनेमे. हा विषय मुलांचा, आपल्याला त्यातले काय कळणार, असे मलाही वाटत होते. पण दूध, वीज, किराणा यांचा पैपैचा हिशेब आपण ठेवतो आणि करमणुकीचा मात्र मुलांवर सोपवतो. मीही तसेच केले आणि फसले. तेच आधी सांगते.

२०२४ च्या श्रावणातली गोष्ट. आमच्या बचतगटाचा हप्ता माझ्या बँकेच्या खात्यातून जातो. तेरा वर्षांत माझा एकही हप्ता चुकला नव्हता. त्या महिन्यात गटाच्या बाईंचा निरोप आला, ‘‘वहिनी, तुमचा हप्ता जमा झाला नाही.’’ पैसे तर मी मोजून ठेवले होते. पासबुक भरून आणले, तो दोन दिवसांपूर्वी १,४९९ रुपये कोण्या सिनेमाच्या कंपनीला गेलेले! आदल्या वर्षी मुलाने क्रिकेटचे सामने पाहायला माझ्या खात्यावरून वर्षाची वर्गणी भरली होती. सामने संपले, ते ॲप त्याने मोबाइलवरून काढूनही टाकले. पण भरताना, दरवर्षी आपोआप पैसे घ्यावेत, याला त्याने होकार दिलेला होता. ॲप काढले म्हणजे वर्गणी थांबली, असे होत नाही. ती वेगळी बंद करावी लागते. हे आमच्या घरात एकालाही ठाऊक नव्हते.

बैठकीत कोणी मला बोलले नाही, पण माझी मान खाली गेली ती गेलीच.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी जमाखर्चाची वही घेऊन बसले. म्हटले, ज्याने त्याने आपापले सांगा. यजमानांचे एक निघाले १४९ रुपयांचे, मुलीचे एक २९९ चे, मुलाचे ९९ चे आणि गाण्यांचे ११९ चे. सगळे दर महिन्याला. बेरीज ६६६. यजमान म्हणाले, ‘‘दिवसाला बावीस रुपये पडतात. दोन चहासुद्धा होत नाहीत.’’ मी वर्षाचा गुणाकार केला, ७,९९२ झाले. त्यात ते १,४९९ मिळवले, म्हणजे ९,४९१. तेव्हा सगळे गप्प झाले. बरे, त्यातले एक तर चार महिन्यांत कोणी उघडलेही नव्हते.

मैत्रिणींनो, करमणूक नको असे माझे म्हणणे नाही. दिवसभर राबल्यावर एखादा चांगला सिनेमा पाहावासा वाटतो, त्यात वावगे काय? पण त्यालाही शिस्त हवी. आम्ही घरात जे नियम केले ते सांगते.

पहिला नियम वहीचा. वहीत एक पान वर्गणीचे. कंपनीचे नाव, रक्कम, पैसे जाण्याची तारीख आणि कोणाच्या मोबाइलवरून भरले, हे चार रकाने. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की, अशी रक्कम आपोआप कापण्याच्या निदान २४ तास आधी ग्राहकाला सूचना दिली पाहिजे. हा नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. मलाही सूचना आली होती, पण जाहिरात समजून मी वाचलीच नाही. १५,००० रुपयांपर्यंतच्या वर्गणीला पुढच्या वेळी ओटीपी विचारत नाहीत, म्हणून ती सूचना हीच आपली राखण. आपण ज्या ॲपवरून भाजीवाल्याला पैसे देतो, त्यातच ‘ऑटोपे’ नावाचे एक पान असते. कोणाकोणाला आपोआप पैसे घ्यायला आपण होकार दिला आहे, ते तिथे दिसते. तिथून तो होकार थांबवता येतो आणि काढूनही घेता येतो. कार्डावरून भरले असेल तर मात्र बँकेत किंवा त्या कंपनीकडे जाऊन बघावे लागते. आज घरी गेल्यावर ते पान एकदा उघडून पाहाच.

दुसरा नियम पाळीचा. आपल्या भिशीत जशी एकेकीची पाळी येते, तशी आमच्याकडे एका महिन्याला एकच वर्गणी. एका महिन्यात मुलीच्या आवडीची, पुढच्या महिन्यात यजमानांची. महिना संपला की बंद. सिनेमे कुठे पळून जात नाहीत, आणि गेलेच तर दुसरीकडे निघतात. कंपन्याही कायम राहत नाहीत. २०२५ च्या फेब्रुवारीत जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार मिळून एकच जिओहॉटस्टार झाले, हे तुम्हांला माहीत असेलच. म्हणून मी तरी वर्षाची वर्गणी एकदम भरत नाही. स्वस्त पडते हे खरे, पण जे बघितले नाही ते स्वस्त कसले?

तिसरा नियम, घेण्याआधी चार प्रश्न. आपल्या भाषेतले त्यात किती आहे? एका वेळी किती जागी दिसते, आणि टीव्हीवर दिसते की फक्त मोबाइलवर? काहींची स्वस्तातली वर्गणी मोबाइलपुरतीच असते. वर्गणी भरूनही जाहिराती येतात का? आणि आपल्याला इंटरनेट किती मिळते? मोबाइलच्या इंटरनेटवर साध्या चित्राचा सिनेमा पाहिला तरी तासाला सुमारे एक जीबी खर्ची पडते, अगदी स्वच्छ चित्र लावले तर तीन जीबीपर्यंत. ज्यांना दिवसाला दीड जीबी मिळते, त्यांचा सिनेमा मध्यंतरालाच अडायचा! माझ्या जाऊबाई म्हणत, ‘‘तू कशाला भरतेस, आमचेच वापर.’’ पण तेही आता सरसकट चालत नाही. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून आपल्याकडे एका घरची वर्गणी दुसऱ्या घरी वापरायला अटकाव केला आहे.

शिवाय फुकटातही पुष्कळ आहे. दूरदर्शन व आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ नावाचे ॲप काढले. त्यावर दूरदर्शनच्या जुन्या मालिका पाहायला मिळतात. आकाशवाणीही मोबाइलवर ऐकता येते. कणीक मळताना विविध भारती लावावी, हात चालू आणि कानही सुखी.

चौथा नियम मुलांचा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे अशा सिनेमांवर वयाची खूण असते. यू म्हणजे सर्वांसाठी, मग ७, १३ आणि १६ वर्षांच्या पुढची, आणि ए म्हणजे मोठ्यांसाठी. १३ वर्षांपुढच्या सिनेमांना कुलूप लावायची सोय कंपनीने दिली पाहिजे, असेही त्यात आहे. चार आकड्यांचे कुलूप असते. ते आईने स्वतः लावावे, मुलाकडून लावून घेऊ नये. मी पहिल्यांदा त्याच्याकडूनच लावून घेतले होते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

आता गाण्यांकडे वळते, आणि मी का उभी राहिले ते सांगते.

माझ्या सासूबाई मुळशीकडच्या. जात्यावर दळत त्यांची अर्धी हयात गेली. पुढे घरात गिरणीचे पीठ आले, पण ओव्या त्यांच्या ओठांवर राहिल्या. मुलीने त्यांच्यासाठी गाण्यांच्या एका ॲपवर दीडशे भजने निवडून यादी करून दिली होती. दुपारी त्या ऐकत पडत. एके दिवशी ते ॲपच बंद झाले आणि यादीही गेली. असे एकाचेच होते असे नाही. विंक आणि रेसो ही दोन्ही मोठी ॲप २०२४ सालात आपल्याकडे बंद झाली. वर्गणीच्या ॲपमध्ये गाणे उतरवून घेतले तरी ते त्या ॲपमध्येच वाजते, आणि वर्गणी थांबली की वाजायचे थांबते. ते भाड्याच्या घरासारखे असते. भाडे द्यावे, सुखाने राहावे, पण भिंती आपल्या म्हणू नयेत.

भजने काय, दुसरीकडे मिळाली. पण २०२३ च्या दिवाळीत मुलीने आजीला जवळ बसवून चौदा वेळा त्यांच्या ओव्या मोबाइलवर भरून घेतल्या होत्या. माहेरच्या वाटेच्या, भावाच्या, पंढरीच्या. मधूनच त्या खोकत, मधूनच ‘‘विसरले गं’’ म्हणून हसत. सगळे त्या एका मोबाइलमध्ये होते. उन्हाळ्यात तो मोबाइल धुण्याच्या बादलीत पडला. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. मी म्हटले, हळहळ कशाला, दिवाळीत पुन्हा बसवू. पण दिवाळीपर्यंत सासूबाईंचा आवाज बसला तो उठलाच नाही, आणि २०२४ च्या मार्गशीर्षात त्या गेल्या.

चौदापैकी दोन राहिल्या. त्या दोन मुलीने हौसेने वन्संना पाठवल्या होत्या, म्हणून. वन्संनी दिवसकार्यानंतर त्या लावल्या, तेव्हा घरात कोणी कोणाकडे बघेना. नऊ हजारांचा हिशेब मी वहीत मांडला, बाकीच्या बारांचा कुठे मांडू?

तेव्हा पाचवा नियम केला. जे भाड्याचे आहे त्याची चिंता करू नये, जे आपले आहे ते तीन ठिकाणी ठेवावे. एक मोबाइलमध्ये, एक पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्याच्या घरी. खर्च फारसा नाही. चार मिनिटांचे गाणे साधारण चार एमबीचे होते, म्हणजे ३२ जीबीच्या छोट्याशा पेनड्राइव्हवर अशी सात हजारांवर गाणी मावतात. नुसते ठेवून भागत नाही, प्रत्येकावर नाव घालावे. कोणाचा आवाज, कुठले गाव, कोणते साल. नाही तर लोणच्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या नसल्यासारखे होते. आणि दर दिवाळीच्या साफसफाईत पेनड्राइव्ह लावून वाजते की नाही ते बघावे, कारण पेनड्राइव्हही बिघडतो. माहेरच्या जुन्या कॅसेटी असतील तर त्याही वेळेत उतरवून घ्याव्यात. फीत चिकटली की मग इलाज चालत नाही.

मैत्रिणींनो, आपल्या ओव्यांना कोण विचारतो, असे म्हणू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक! २०१७ पासून त्या ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, यांच्या संकेतस्थळावर येत आहेत. वाचायला आणि ऐकायला एक पैसाही पडत नाही. मुलीने मला त्यातल्या मुळशीकडच्या बायकांच्या ओव्या ऐकवल्या. सासूबाई त्यात नाहीत. पण तीच चाल, तोच हेल. मी पोळ्या लाटायच्या थांबले आणि ऐकत राहिले.

माझी मंडळाला एक विनंती आहे. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत आपण प्रत्येकीने घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवून त्यांचा आवाज भरून घ्यावा. ओवी नसली तर अंगाई, अंगाई नसली तर लग्नातली गाणी, तेही नसले तर नुसत्या गप्पा. त्याची एक प्रत मंडळाच्या कपाटात ठेवू. दिवाळीत करू, असे मात्र म्हणू नका. मी म्हटले होते.

आता घरी आमचा खर्च महिन्याला दीडशे ते तीनशेच्या आत असतो आणि गटाचा हप्ता वेळेवर जातो. बोलण्यात काही चुकले असेल तर पदरात घ्या.